‘दिसलं की मॅडम, मग सिद्धता कशाला?’

दहावीच्या भूमितीतलं वर्तुळाचं प्रकरण मी बरीच वर्षं फळ्यावर शिकवलं. आंतरलिखित कोनाचं प्रमेय आलं की निदान चार आकृत्या काढाव्या लागतात. केंद्र कोनाच्या भुजेवर, केंद्र कोनाच्या आत, केंद्र बाहेर, आणि शेवटी ‘परीक्षेत येते ती’. लाकडी कंपासात खडू घट्ट बसत नाही, वर्तुळाचं सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकाला मिळत नाही, आणि तेवढ्यात मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मुलं प्रमेय पाठ करायची, मार्क मिळवायची. पण कंस तोच ठेवला तर वर्तुळावरचा बिंदू कुठेही न्या, कोन तेवढाच राहतो, हे ऐकून कुणी चकित झालेलं मला आठवत नाही. मॅडम सांगतायत म्हणून खरं, एवढंच.

आमची शाळा सांगोला तालुक्यातली, माध्यमिक. आमच्या सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी ते आधीपासून ओळखले जात होते. बक्षिसाची बातमी आली आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मास्तराला पाहुणे-रावळे विचारू लागले, ‘तुमच्या शाळेत काय आहे?’ आमच्या शाळेत तेव्हा संगणक कक्षाच्या दाराला कुलूप होतं आणि आत धूळ. पुढे माजी विद्यार्थ्यांनी लोकवर्गणी काढली आणि दहावीच्या वर्गात भिंतीवर एक मोठा टीव्ही आला. नारळ फुटला, फोटो निघाले. महिनाभर त्यावर देशभक्तीपर गाणी लागली.

गणितासाठी त्याचं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणाला गेलो की ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शंभर वेळा कानावर पडायचा आणि परत येताना हातात पीपीटी कशी करायची याची झेरॉक्स असायची. पीपीटीने गणित शिकवणं मला कधीच पटलं नाही. उदाहरण सोडवताना पायरीनंतर पायरी आपल्या डोळ्यांसमोर लिहिली जाते, मध्येच मास्तर थांबतो, डोकं खाजवतो, यातच अर्धं शिक्षण असतं. आयती उत्तरं एकामागून एक सरकवायची तर पुस्तक काय वाईट?

जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या काढून त्या हलवून बघता येतात असं गणिताचं सॉफ्टवेअर, त्याचं नाव मी आधी पाठ्यपुस्तकातच वाचलं होतं. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत आयसीटीच्या, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, चौकटी आहेत. त्या चौकटी सगळेच ओलांडून पुढे जातात, कारण त्यावर प्रश्न येत नाही. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन माणसाने साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना 2001-02 च्या सुमारास हे सॉफ्टवेअर तयार केलं. शाळेसाठी फुकट आहे आणि त्याची संगणकावरची जुनी आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते. आमच्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची, कारण वर्गात रेंज खिडकीच्या एकाच गजाजवळ मिळते. लेकाचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि रात्री स्वयंपाकघर आवरलं की ओट्याशेजारी बसून शिकायला लागले.

त्याआधीचे अडथळे सांगायला घेतले तर पान भरेल. टीव्हीच्या समोरच पूर्वेची खिडकी, सकाळच्या तासाला पडद्यावर स्वतःचं तोंड दिसायचं. शिपाईमामांनी मांडवाचं निळं कापड टाचून दिलं. लाईट गेली की सगळं ठप्प, म्हणून इन्व्हर्टर मिळेपर्यंत प्रत्येक पाठाची फळ्यावरची आवृत्तीही तयार ठेवावी लागे. केबल स्टाफरूममधल्या कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

पहिला तास वर्तुळाचाच घेतला. वर्तुळ काढलं, त्यावर ए आणि बी हे दोन बिंदू पक्के केले, पी हा तिसरा बिंदू मोठ्या कंसावर मोकळा सोडला. कोन एपीबी 40 अंश. मग पी हळूहळू सरकवत नेला. आकृती लांबट झाली, कलंडली, एक भुजा अगदी आखूड झाली. आकडा मात्र 40 चा 40. मागच्या बाकावरचा एक जण उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, आकडा तुम्ही टाईप केलाय.’ मला हे फार आवडलं. त्यालाच पुढे बोलावून माउस हातात दिला. त्याने पी इतक्या जोरात फिरवला की तो बी ओलांडून धाकट्या कंसावर गेला, आणि पडद्यावर 220 आलं.

वर्गात हशा. ‘बिघडवलंस.’

हे 220 घरी तयारी करताना मला दिसलं होतं. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं, त्यामुळे बिंदू पलीकडे गेला की ते बाहेरच्या बाजूचा प्रविशाल कोन दाखवतं. सेटिंगमध्ये कोन 0 ते 180 मध्येच ठेवायची सोय आहे. मी ती मुद्दाम लावली नव्हती. आता मुलंच भांडायला लागली. एक म्हणे, हिरवा रंग बाहेरून भरलाय बघ. दुसरी म्हणे, मग आतला किती? 360 मधून 220 गेले, 140. मी फळ्यावर एकाखाली एक 40 आणि 140 एवढंच लिहिलं आणि गप्प राहिले. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन एकमेकांचे पूरक असतात, हे प्रमेय त्याच प्रकरणात थोडं पुढे आहे. एका मुलीने पानं उलटून ते शोधलं आणि जणू चोर पकडला अशा आवाजात वाचून दाखवलं.

त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेले. अडचण पुढच्या तासाला कळली. प्रमेयाची सिद्धता लिहायला घेतली, ‘पक्ष, साध्य’ एवढं लिहून होतंय तोच पहिल्या बाकावरून प्रश्न आला. ‘दिसलं की मॅडम. मग सिद्धता कशाला?’

फळ्यावर शिकवत होते तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारणार कसा? फळ्यावरची आकृती एवढी वाकडी असायची की तिच्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. सिद्धता हाच एक आधार होता. आता पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे येत होते, आणि मुलांच्या लेखी ते आकडे म्हणजे अंतिम निकाल. परीक्षेत विचारतात म्हणून, असं उत्तर देऊन मी तो तास ढकलला, पण प्रश्न डोक्यात राहिला. टीव्ही आल्यामुळे माझं आकृत्या काढायचं काम कमी झालं होतं आणि त्या जागी हे नवं, बरंच अवघड काम येऊन बसलं होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घ्यायला कसं शिकवायचं?

पहिली मदत त्या सॉफ्टवेअरनेच केली. नववीच्या वर्गात त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजायला सांगितले होते आणि आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून दशांश स्थळं शून्य करून ठेवली होती. एका गटाने बेरीज केली आणि ओरडलाच, ‘181!’ कोन होते 46, 68 आणि 67. अर्धा वर्ग म्हणाला सॉफ्टवेअर चुकलं, अर्धा म्हणाला तुम्ही बेरीज चुकलात. मग दशांश स्थळ वाढवलं. 45.6, 67.7, 66.7. बेरीज बरोबर 180. प्रत्येक कोन जवळच्या पूर्णांकापर्यंत वर गेला होता आणि तिघांनी मिळून एक अंश जास्तीचा आणला होता. पडद्यावर दिसतो तो आकडा आणि खरा आकडा यांच्यात फट असते, हे त्या गटाने जन्मभरासाठी ऐकलं असावं. निदान सहामाहीपर्यंत तरी.

आता जरा शाळेबाहेरचं.

आमच्या भागात डाळिंब आणि दूध. बहुतेक मुलांच्या घरी डेअरीची चिठ्ठी रोज येते. त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि दर. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून दर जाहीर होतो आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात किंवा कापले जातात. दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवताना पुस्तकात पेन आणि वह्यांच्या किमती असतात. मी मुलांना चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. संगणक कक्षाचं कुलूप उघडून घेतलं, चालू असलेल्या यंत्रांवर स्प्रेडशीट उघडलं, एका स्तंभात एसएनएफ, दुसऱ्यात दर, आणि आलेख काढला. एक रेषा येईल अशी अपेक्षा होती. आल्या दोन, 8.5 पाशी जोडलेल्या. वर जाणारी सपाट, खाली येणारी तीव्र. म्हणजे पॉइंट वाढला तर थोडे पैसे वाढतात आणि पॉइंट कमी झाला तर जास्त कापले जातात. रेषेचा चढ-उतार म्हणजे काय, यासाठी याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. एका मुलाने तो आलेख मोबाईलवर फोटो काढून वडिलांना दाखवला. वडील म्हणाले, हे आम्हाला माहीतच आहे, पण असं कुणी काढून दाखवलं नव्हतं. त्यावरून डेअरीत काय बोलणं झालं ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

स्प्रेडशीटचा चस्का मग घरीही लागला. आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं, गणिताची बाई म्हणून. गटातल्या एकीला शिलाई यंत्रं घेऊन दुकान काढायचं होतं. लाखभर रुपये हवे होते आणि गटाच्या शिल्लकीतून एवढे निघत नव्हते. बाहेरचा एक जण कर्ज द्यायला तयार होता. ‘वर्षाला बारा टक्के, सरळ हिशोब, बाराच महिने.’ ती माझ्याकडे आली. ‘वहिनी, बारा म्हणजे बाराच ना? गटात आपण महिन्याला दोन टक्के घेतो, त्यापेक्षा अर्धंच झालं की.’

तिला समोर बसवून लॅपटॉपवर दोन तक्ते केले. पहिला त्या माणसाचा. लाखाचे बारा टक्के बारा हजार, एकूण 1,12,000, भागिले बारा, हप्ता 9,333 रुपये. दुसरा, घटत्या शिलकीवर बारा टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज 1,000. हप्त्यातले उरलेले मुद्दलात जातात, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज 921 वर येतं, आणि असं उतरत शेवटच्या महिन्यात 88 रुपये राहतं. हप्ता 8,885 च्या जवळ. वर्षभराचं व्याज साधारण 6,620. दोन्हीकडे ‘बारा टक्के’च लिहिलेलं, आणि व्याजात जवळजवळ दुपटीचा फरक. मग उलटा हिशोब लावला. 9,333 चा हप्ता भरायचा असेल तर घटत्या शिलकीवरचा खरा दर किती पडतो? साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. ती बराच वेळ दुसऱ्या तक्त्यातल्या खाली उतरत जाणाऱ्या व्याजाच्या आकड्यांकडे बघत होती. म्हणाली, ‘म्हणजे शेवटच्या महिन्यात माझ्याकडं त्याचे नऊ हजारसुद्धा नसतात, आणि व्याज लाखाचं?’

मी पंधरा मिनिटं समजावून जे सांगितलं असतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. गटातही मग ‘दोन टक्के कशावर’ हा प्रश्न निघाला. आमचं व्याज शिलकीवरच होतं, पण ते सगळ्यांना नक्की माहीत नव्हतं. आता मासिक बैठकीत प्रत्येकीचा तक्ता मोबाईलवर जातो. सासूबाई त्या तक्त्याला ‘तुझा फळा’ म्हणतात.

सगळंच असं गोड नाही. फोनचा कॅमेरा वहीवर धरला की वर्गसमीकरण पायऱ्यांसकट सोडवून देणारी ॲप मुलांच्या हातात आली, तेव्हा गृहपाठाचे गठ्ठे एकदम सुबक दिसायला लागले. अवयव पाडायची रीत नुकतीच सुरू झाली होती आणि काही वह्यांत सूत्राने काढलेली उत्तरं होती. सूत्र मी अजून शिकवलंच नव्हतं. रागावून उपयोग नव्हता. फोन घरातल्या सगळ्यांचा असतो, तो काढून घेता येत नाही. गृहपाठ बदलला. आता मीच चुकवलेली उत्तरं देते आणि कुठल्या पायरीला का चुकलं ते लिहून आणायला सांगते. ॲप बरोबर उत्तर देतं, पण ‘या मुलाने ऋण चिन्ह का विसरलं असेल’ हे सांगत नाही. तरी काही जण ॲपचंच उतरवून आणतात. आणतात तर आणतात.

आणि बोर्डाची परीक्षा आहेच. भौमितिक रचनेचा प्रश्न कागदावर, पट्टी-कंपासने, कंसाच्या खुणा न पुसता सोडवायचा असतो. पडद्यावर स्पर्शिका एका क्लिकवर निघते, म्हणून डिसेंबरनंतर मी तो टीव्ही जवळजवळ लावत नाही. टोक केलेल्या पेन्सिली आणि सरावसंच. यावर एका तरुण सहकाऱ्याचं आणि माझं जमत नाही. तो म्हणतो, आपण मुलांना दोन काळांत राहायला लावतोय. मी म्हणते, हाताने कंस मारल्याशिवाय लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर का असतो, ते बोटांना कळत नाही. वाद चालू आहे.

‘दिसलं की’ला खरं उत्तर मिळालं ते एका जुन्या कोड्यातून. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडा, वर्तुळाचे किती भाग पडतात ते मोजा. दोन बिंदूंना 2, तीनला 4, चारला 8, पाचला 16. पाच बिंदूंपर्यंत मी वर्गाला टीव्हीवर एकत्र मोजू दिलं. मग विचारलं, सहाला? सगळे एका सुरात ‘32!’ एकाने तर नियमही सांगून टाकला, दरवेळी दुप्पट. दिसतंच आहे. ‘मग मोजून दाखवा.’ गटांनी संगणकांवर आकृत्या काढल्या. एका गटाचं उत्तर 31. त्यांनी तीनदा मोजलं, बारीकसा तुकडा राहिला असेल म्हणून आकृती मोठी करकरून पाहिली. दुसऱ्या गटाने कष्ट नको म्हणून सुसम बहुभुजाचं साधन वापरून षटकोनाचे बिंदू घेतले होते. त्यांचं आलं 30. तिसरा गट न मोजताच 32 सांगून मोकळा झालेला. वर्गात तीन उत्तरं, आणि तिन्ही पडद्यावर ‘दिसलेली’.

तास संपला तरी कुणी उठेना. मी एवढंच सांगितलं, की एक-एक जीवा टाकत जा आणि प्रत्येक जीवेने किती भाग वाढले ते लिहा. एरवी तासाला तोंड न उघडणारी एक मुलगी दुसऱ्या दिवशी वहीचं मागचं पान घेऊन आली. नवी जीवा कुणाला न छेदता गेली तर एक भाग वाढतो. आणि आधीच्या जितक्या जीवांना छेदते, तितके आणखी. म्हणजे सुरुवातीचा एक, अधिक जेवढ्या जीवा, अधिक जेवढे छेदनबिंदू. सहा बिंदूंना जीवा 15. छेदनबिंदू किती, तिथे ती अडली होती. वर्गाने मिळून सोडवलं. कुठलेही चार बिंदू घेतले की त्यांच्या जोडण्यांत आत एकच छेदनबिंदू मिळतो, आणि सहातून चार बिंदू 15 प्रकारे निवडता येतात. 1 अधिक 15 अधिक 15. एकतीस. षटकोनवाल्या गटालाही आपलं 30 कळलं: त्यांचे तीन मोठे कर्ण केंद्रात एकाच बिंदूत भेटत होते, म्हणून मधला चिमुकला त्रिकोण नाहीसा झाला होता.

मी विचारलं, सात बिंदूंना? जीवा 21, छेदनबिंदू 35, अधिक एक. ‘57.’ टीव्ही चालूच होता. मी म्हटलं, मोजून बघायचं? पहिल्या बाकावरचा तोच, ज्याला सिद्धता कशाला हवी होती, म्हणाला, ‘कशाला मॅडम, तेवढेच येणार.’

षटकोनवाल्यांनी तरी मोजलंच, सुसम सप्तकोन घेऊन. 57 आले. आणि आता त्यांनी मला धरून ठेवलंय: सुसम षटकोनात एक भाग गळाला, मग सुसम सप्तकोनात का गळत नाही?